अमेरिकन लोकशाहींतील दोन पक्षांचें आयुर्मान

[ १ ]

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज जे दोन मोठे राजकीय पक्ष आहेत, त्यांपैकीं डेमोक्रॅटिक पक्षाची उभारणी इ. स. १८२८ च्या सुमारास झाली व रिपब्लिकन पक्ष १८५४ सालीं जन्मास आला. मार्च १८५३ पासून आजपर्यंत या दोन पक्षांबाहेरचा एकही गृहस्थ त्या देशाच्या अध्यक्षपदावर चढलेला नाहीं. या अवधींत युरोपांतील कित्येक राजघराणीं लयास गेलीं, अनेक देशांच्या राज्यघटना दोनदां-तीनदां नव्यानें लिहिल्या गेल्या. हीं दोन नांवें मात्र कायम आहेत. तीं पुढें किती काळ कायम राहतील, हा प्रश्न अमेरिकेंत बहुतेक प्रत्येक पिढीनें विचारला आहे, व आजही तो विचारला जात आहे.

भविष्य वर्तविणें हें इतिहाससंशोधकाचें काम नव्हे. परंतु पूर्वी कोणते पक्ष केव्हां नष्ट झाले, कोणते मरणाच्या दारांतून परत आले, आणि या दोहोंत भेद कशामुळें पडला, हें कागदपत्रांवरून ठरविणें त्याच्या कक्षेंत येतें. व तेवढें ठरलें म्हणजे पुढील काळाविषयीं अनुमान करण्यास कांहीं तरी आधार मिळतो. पक्षाचें आयुष्य त्याच्या तत्त्वांवर किंवा पुढाऱ्यांवर अवलंबून असतें असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाहीं. पण अमेरिकेच्या बाबतींत मतदानाचा कागद कोण छापतो व त्यावर पक्षाचें नांव वापरण्याचा हक्क कोणास आहे, या दिसावयास क्षुल्लक बाबीनें त्या आयुष्याची मर्यादा फार बदलली आहे, असें आमचें मत झालें आहे. त्याचीं प्रमाणें येथें क्रमानें देत आहों.

[ २ ]

प्रथम नांवांविषयीं थोडा खुलासा अवश्य आहे. कारण या विषयांत नांवांनीं जितका घोटाळा होतो तितका दुसऱ्या कशानेंही होत नाहीं. १८०४ सालच्या अमेरिकन कागदावर 'रिपब्लिकन' असा शब्द आढळला, तर तो जेफर्सन व मॅडिसन यांच्या पक्षाचा वाचक समजावा. आजचा डेमोक्रॅटिक पक्ष आपली वंशावळ त्या पक्षापर्यंत नेतो. १८५४ सालच्या रिपब्लिकनांनीं तेंच नांव जेफर्सनचें स्मरण ठेवून घेतलें; परंतु नांव घेतल्यानें वंश मिळत नाहीं. उलटपक्षीं, १८६४ सालच्या कागदावर लिंकनचें नांव 'युनियन' या मथळ्याखालीं छापलेलें सांपडतें. ती कांहीं नवी संघटना नव्हे. रिपब्लिकन पक्षानेंच युद्धाला अनुकूल असे डेमोक्रॅट बरोबर घेऊन त्या निवडणुकीपुरतें 'नॅशनल युनियन' असें नांव धारण केलें होतें, व उपाध्यक्षपदासाठीं टेनेसी संस्थानांतील अँड्र्यू जॉन्सन या डेमोक्रॅटाची योजना केली होती. पहिल्या उदाहरणांत नांव एक पण वस्तु दोन, दुसऱ्यांत वस्तु एक पण नांवें दोन.

आपल्याकडील कागद पाहणारांस ही अडचण अपरिचित नाहीं. पेशव्यांच्या शिक्क्यावर छत्रपतींचें नांव असे. पण कारभार प्रत्यक्ष कोणाच्या हातीं होता हें ठरविण्यास तो शिक्का पुरा पडत नाहीं. त्याचप्रमाणें अमेरिकन पक्षाच्या बाबतींत नांव, संघटना व अनुयायी या तीन वस्तूंचा काळ निरनिराळा लावला पाहिजे. पक्ष 'मेला' किंवा 'जगला' असें म्हणतांना या तिहींपैकीं काय मेलें व काय जगलें, हें सांगितल्याशिवाय विधान पुरें होत नाहीं.

[ ३ ]

१७८७ सालच्या राज्यघटनेंत राजकीय पक्षांचा उल्लेख कोठेंही नाहीं. घटनाकारांना पक्ष ठाऊक नव्हते असें नाहीं; ते त्यांना नको होते. वॉशिंग्टनचें जें निरोपाचें पत्र १९ सप्टेंबर १७९६ रोजीं फिलाडेल्फिया येथील क्लेपूल याच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें, त्यांत पक्षभेदाच्या वृत्तीविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. या पत्राची हस्तलिखित परंपरा आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल. १७९२ सालीं निवृत्तीचा विचार मनांत आला तेव्हां वॉशिंग्टननें मॅडिसनकडून एक मसुदा करून घेतला होता. १७९६ सालीं तो हॅमिल्टनच्या हातून गेला व बहुतांशीं नव्यानें लिहिला गेला. शेवटची प्रत वॉशिंग्टननें स्वहस्तें लिहून छापण्यास दिली, आणि क्लेपूलनें मागितल्यावरून ती त्याच्यापाशींच राहूं दिली. १८५० सालीं ती जेम्स लेनॉक्स या संग्राहकानें विकत घेतली. आज ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहे. हे मसुदे एकमेकांशीं ताडून पाहण्याचें काम होरेस बिनी यानें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें.

यांतील मर्म असें कीं, ज्या लेखांत पक्षभेदाचा निषेध आहे त्याच्या मसुद्यांना ज्या दोघांचे हात लागले, ते हॅमिल्टन व मॅडिसन हेच त्या देशांतील पहिल्या दोन परस्परविरोधी पक्षांचे अध्वर्यू होते. म्हणजे निषेधाची शाई वाळली नव्हती तोंच पक्ष अस्तित्वांत होते. १८०० सालच्या निवडणुकींत जेफर्सन व बर या एकाच पक्षाच्या दोघांना प्रत्येकीं ७३ मतें पडून बरोबरी झाली. तेव्हां अध्यक्ष कोण हें ठरविण्यास प्रतिनिधिसभेला ३६ वेळां मतदान करावें लागलें. १८०४ सालीं बारावी दुरुस्ती होऊन अध्यक्ष व उपाध्यक्ष यांस निरनिराळें मत देण्याची व्यवस्था झाली. पक्षाचें नांव न घेतां घटनेनें पक्षाचें अस्तित्व मान्य केलें तें येथें.

या पहिल्या जोडींतील फेडरॅलिस्ट पक्षाचा अंत लवकर झाला. १८१२ सालच्या इंग्लंडशीं झालेल्या युद्धाला त्यानें विरोध केला, व १८१४ च्या डिसेंबरांत हार्टफर्ड येथें न्यू इंग्लंडमधील त्याच्या पुढाऱ्यांनीं जी परिषद भरविली, तिच्यामुळें देशद्रोहाचा संशय त्याच्या माथीं बसला. १८१६ सालीं त्याचा उमेदवार रुफस किंग यास ३४ निर्वाचक मतें मिळालीं, मन्रोस १८३. १८२० सालीं त्यानें उमेदवारच उभा केला नाहीं. एकच पक्ष उरल्यानें मात्र पक्षभेद संपला नाहीं. १८२४ सालीं त्या एकाच पक्षाचे चार उमेदवार आपसांत लढले. जॅक्सन यास सर्वांत अधिक म्हणजे ९९ मतें पडूनही बहुमत झालें नाहीं, आणि प्रतिनिधिसभेनें ८४ मतांच्या ॲडम्सची निवड केली.

[ ४ ]

या अव्यवस्थेंतून आजच्या स्वरूपाचा पक्ष जन्मास आला, व त्याच्या जन्माचा एक अस्सल पुरावा उपलब्ध आहे. न्यूयॉर्कचा मुत्सद्दी मार्टिन व्हॅन ब्युरेन यानें १३ जानेवारी १८२७ रोजीं रिचमंड येथील वृत्तपत्रकार टॉमस रिची यास एक पत्र लिहिलें. दक्षिणेंतील मळेवाले व उत्तरेंतील साधे रिपब्लिकन यांची जुनी युति पुन्हां बांधावी, अशी त्यांत सूचना आहे. त्याचें कारणही तो मोकळेपणानें सांगतो: पूर्वी पक्षाभिमानामुळें प्रांताभिमानास आळा बसत असे, तो पक्षाभिमान नाहींसा झाल्यास गुलामगिरी असलेल्या व नसलेल्या संस्थानांमधील द्वेष उसळून येईल. सारांश, पक्ष हा एक बांध म्हणून योजला गेला, व तो घालण्याची किंमत म्हणून गुलामगिरीचा प्रश्न बाजूस ठेवावयाचा, हें त्यांत गृहीत होतें.

जॅक्सनच्या विरोधकांनीं १८३४ च्या सुमारास 'व्हिग' हें नांव घेतलें. इंग्लंडांत राजसत्तेच्या विरोधकांचें तें नांव. जॅक्सन राजासारखा वागतो, हें त्यांस सुचवावयाचें होतें. या पक्षाचा इतिहास वीस-बावीस वर्षांचा आहे. १८४० सालीं हॅरिसन २३४ विरुद्ध ६० मतांनीं निवडून आला, पण अधिकारारूढ झाल्यावर एका महिन्यांत वारला. त्याच्या जागीं आलेल्या टायलरला पक्षानें बाहेर काढलें. १८४८ सालीं टेलर निवडून आला, तोही जुलै १८५० मध्यें वारला. १८५२ सालीं स्कॉट याचा २५४ विरुद्ध ४२ असा पराभव झाला. त्याच वर्षीं क्ले व वेब्स्टर हे पक्षाचे दोन्ही आधारस्तंभ निवर्तले.

तथापि येथें एक आंकडा विसरूं नये. १८५२ सालीं व्हिग पक्षास लोकमतांपैकीं शेंकडा सुमारें ४४ मतें मिळालीं होतीं. एवढें पाठबळ असलेला पक्ष चार वर्षांत नामशेष व्हावा, हें केवळ पराभवानें घडत नाहीं. ३० मे १८५४ रोजीं कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली व पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीस वाट मोकळी झाली. व्हॅन ब्युरेननें घातलेला बांध येथें फुटला. उत्तरेंतील व व दक्षिणेंतील व्हिग एका अधिवेशनांत बसूं शकेनात. तत्पूर्वींच विस्कॉन्सिनमधील रिपन येथें मार्चमध्यें एक सभा भरली होती. ६ जुलै रोजीं मिशिगनमधील जॅक्सन येथें 'रिपब्लिकन' नांवानें उमेदवार जाहीर झाले. १८५६ सालीं नव्या पक्षाच्या फ्रेमाँटला ११४ निर्वाचक मतें मिळालीं. जुन्या व्हिगांचें उरलेलें अधिवेशन बाल्टिमोर येथें भरलें, पण त्यानें स्वतःचा उमेदवार न देतां दुसऱ्या एका पक्षाच्या फिलमोर यास पाठिंबा दिला. फिलमोरच्या वांट्यास मेरिलंडचीं ८ मतें आलीं.

पक्ष मरत असतां आंत असलेल्या माणसाची मनःस्थिति कशी होते, हें लिंकननें २४ ऑगस्ट १८५५ रोजीं आपला मित्र जोशुआ स्पीड यास लिहिलेल्या पत्रावरून दिसतें. तें अस्सल पत्र मॅसॅच्युसेट्सच्या हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहांत आहे. तुम्ही सध्यां कोणत्या पक्षाचे, या प्रश्नास उत्तर देतांना लिंकन लिहितो कीं, हा वादाचा विषय आहे. मी स्वतःला व्हिग समजतों, पण लोक म्हणतात व्हिग उरलेच नाहींत. पुढें पांच वर्षांनीं रिपब्लिकन म्हणून अध्यक्ष झालेल्या गृहस्थाचें हें लेखन आहे. पक्षाचा मृत्यु त्यांतील माणसांस सर्वांत शेवटीं कळतो, असें यावरून दिसतें.

[ ५ ]

नवा पक्ष इतक्या त्वरेनें उभा राहूं शकला याचें एक कारण मतदानाच्या तत्कालीन पद्धतींत आहे. त्या काळीं सरकार मतपत्रिका छापीत नसे. कांहीं संस्थानांत तोंडी मत देण्याची चाल होती. बाकीच्यांत मतदार कागदाची चिठ्ठी पेटींत टाकी, आणि ती चिठ्ठी पक्षानें किंवा पक्षाच्या वृत्तपत्रानें छापलेली असे. लांब, अरुंद पट्टीसारख्या या कागदावर वर पक्षाचें नांव व एखादें चित्र, आणि खालीं अध्यक्षाच्या निर्वाचकांपासून तों गांवच्या अधिकाऱ्यापर्यंत सर्व उमेदवारांचीं नांवें असत. तिचें इंग्रजी नांव 'टिकेट'. आपल्याकडे उमेदवारी मिळण्यास 'तिकीट मिळणें' असें म्हणतात, त्याचें मूळ या चिठ्ठींत आहे.

ज्यास एखादें नांव पसंत नसे तो तें लेखणीनें खोडी, किंवा दुसऱ्या नांवाची बारीक पट्टी खळीनें त्यावर चिकटवी. अशा खोडलेल्या व चिकटविलेल्या चिठ्ठ्या संग्राहकांनीं विशेष जपाव्या. पक्षाच्या आज्ञेला मतदार कोठें जुमानीत नसे, याचा तो प्रत्यक्ष लेखी पुरावा आहे. कोणी कोणती चिठ्ठी टाकली हें दुरून ओळखूं यावें म्हणून पक्ष रंगीत कागद वापरीत. तें बंद करण्यासाठीं कित्येक संस्थानांनीं साध्या पांढऱ्या कागदाची सक्ति केली. १८७८ सालीं साउथ कॅरोलायनांत अतिशय तलम कागदाच्या चिठ्ठ्या वापरल्या गेल्या. मोठ्या चिठ्ठीच्या घडींत अशा कित्येक दडवून एका हातानें अनेक मतें टाकतां येत.

या पद्धतींत लांचलुचपत व दहशत यांना भरपूर वाव होता. पण तिचा दुसरा परिणाम असा कीं, नवा पक्ष काढण्यास कोणाची परवानगी लागत नसे. एक छापखाना व चिठ्ठ्या वांटणारे चार लोक मिळाले कीं काम भागे. १८५४ सालच्या शरद् ऋतूंत उत्तरेंतील निरनिराळ्या संस्थानांत 'नेब्रास्का-विरोधी', 'पीपल्स', 'फ्यूजन', 'रिपब्लिकन' अशा वेगवेगळ्या मथळ्यांच्या चिठ्ठ्या दिसतात. मॅसॅच्युसेट्समध्यें तर परदेशांतून येणाऱ्या कॅथलिकांच्या विरोधी असा 'नो-नथिंग' पक्ष एकाच निवडणुकींत जवळजवळ सगळें कायदेमंडळ काबीज करून बसला. मतदारांना जुनें घर सोडावयाचें होतें, आणि नवीं घरें रातोरात उभीं राहत होतीं.

[ ६ ]

येथें एक आक्षेप घेतां येईल, व तो बळकट आहे. चिठ्ठ्यांच्याच काळांत डेमोक्रॅटिक पक्षही फुटला; तो कां मेला नाहीं? १८६० च्या एप्रिलांत चार्ल्स्टनच्या अधिवेशनांतून दक्षिणेचे प्रतिनिधि उठून गेले, दोन उमेदवार उभे राहिले, लिंकन शेंकडा चाळीसहून कमी मतांवर निवडून आला आणि यादवी युद्ध पेटलें. १८६४ सालीं डेमोक्रॅटांस अवघीं २१ निर्वाचक मतें मिळालीं. तरी १८७४ सालीं त्यांनीं प्रतिनिधिसभेंत बहुमत मिळविलें, व १८७६ सालीं त्यांच्या टिल्डन यास लोकमतांचें आधिक्य होतें.

यावरून छापखाना हें पक्षमृत्यूचें पुरेसें कारण नव्हे, हें मान्य केलें पाहिजे. उत्तरेंतील व्हिगास मुख्य प्रश्नावर आपल्याशीं सहमत असें दुसरें घर मिळालें. डेमोक्रॅटास तसें घर नव्हतें. रिपब्लिकन पक्ष हा त्याचा मुख्य प्रश्नावरचाच शत्रु. शिवाय न्यूयॉर्कसारख्या शहरांतील त्याच्या संघटना युद्धांतही अभंग राहिल्या, व युद्धानंतर दक्षिणेंतील गोरे मतदार त्याच पक्षांत परतले. तेव्हां पक्ष मरण्यास तीन गोष्टी एका वेळीं जुळाव्या लागतात: पक्षास मधोमध चिरणारा प्रश्न, अनुयायांना जाण्यास दुसरें घर, आणि तें घर बांधण्याची मोकळीक. १८५४ सालीं तिन्ही जुळल्या. १८६० सालीं पहिली व तिसरी होती, दुसरी नव्हती. तिसरी गोष्टच पुढें नाहींशी झाली, ती कशी तें आतां पाहूं.

[ ७ ]

सरकारनें छापलेल्या व गुप्तपणें भरावयाच्या मतपत्रिकेची पद्धत १८५६ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत सुरू झाली. अमेरिकेंत ती १८८८ सालीं केंटकींतील लुईव्हिल शहरानें व त्याच वर्षीं कायद्यानें मॅसॅच्युसेट्सनें स्वीकारली; १८९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत बहुसंख्य संस्थानांत ती आली होती. तिनें मत गुप्त झालें, ही तिची थोरवी निर्विवाद आहे. परंतु सरकार कागद छापणार म्हटल्यावर त्यावर कोणाचें नांव छापावयाचें हेंही सरकारनेंच ठरविणें प्राप्त झालें. मागील निवडणुकींत अमुक इतकीं मतें मिळविणारा तो पक्ष. त्यास जागा आपोआप. इतरांनीं सह्यांचे अर्ज आणावे, अशा स्वरूपाचे नियम संस्थानोसंस्थानीं झाले. पूर्वी पक्ष ही खाजगी मंडळी होती. आतां कायद्यानें तिची व्याख्या झाली.

लहान पक्षांची दुसरी वाट अशी होती कीं, मोठ्या पक्षाचाच उमेदवार आपल्याही नांवाखालीं उभा करावयाचा. शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षानें १८९२ सालीं स्वबळावर २२ निर्वाचक मतें मिळविलीं होतीं. १८९६ सालीं त्यानें डेमोक्रॅटांच्या ब्रायनलाच आपला उमेदवार केलें. त्या सुमारास व नंतर अनेक संस्थानांनीं एका उमेदवाराचें नांव दोन पक्षांखालीं छापण्यास मनाई केली. मिनेसोटांतील अशी मनाई घटनेस धरून आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला.

तिसरी सुधारणा प्राथमिक निवडणुकीची. पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांनीं न ठरवितां मतदारांनीं सरकारी मतपेटींतून ठरवावा, असा कायदा विस्कॉन्सिननें ला फॉलेट याच्या पुढाकारानें १९०३ सालीं संमत केला, व तो इतरत्र पसरला. यामुळें पक्षाचें नांव ही जिंकून घेण्याची वस्तु झाली. ज्यास पूर्वी नवा पक्ष काढावा लागे, त्यास आतां जुन्याच पक्षाचें नांव काबीज करतां येऊं लागलें.

१९१२ सालची निवडणूक या सर्वांची कसोटी आहे. माजी अध्यक्ष रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षांतून फुटून निघाला. अधिकारारूढ अध्यक्ष टाफ्ट तिसरा आला. त्यास ८ निर्वाचक मतें व लोकमतांपैकीं शेंकडा सुमारें २३ मतें मिळालीं. १८५२ सालच्या व्हिगांपेक्षां ही स्थिति कितीतरी वाईट. व्हिग शेंकडा ४४ मतांवर मेले. रिपब्लिकन २३ मतांवर जगले, इतकेंच नव्हे तर १९२० सालीं हार्डिंगनें ४०४ निर्वाचक मतें मिळविलीं. रूझवेल्ट स्वतः १९१६ सालीं नव्या पक्षाची उमेदवारी नाकारून जुन्या घरीं परतला. नव्या पक्षास पुढारी होता, मतदार होते. पण गांवोगांवच्या अधिकारपदांवर व सरकारी कागदावरील जागेवर जुन्याची मांड पक्की होती. या पक्षास चिरणारा प्रश्नही १८५४ च्या तोडीचा नव्हता, हें येथें नमूद केलें पाहिजे.

त्याच निवडणुकींत एक विलक्षण प्रकार घडला. कॅलिफोर्नियांतील रिपब्लिकन संघटना रूझवेल्टच्या अनुयायांच्या हातीं होती. परिणामीं रिपब्लिकन पक्षाचा अधिकृत उमेदवार व देशाचा अध्यक्ष असलेल्या टाफ्टचें नांव तेथील मतपत्रिकेवर छापलेंच गेलें नाहीं. १९४८ सालीं अलाबामांत याची पुनरावृत्ति झाली: डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार व विद्यमान अध्यक्ष ट्रूमन याचें नांव मतपत्रिकेवर नव्हतें, आणि डेमोक्रॅटांची जागा बंडखोर थर्मंडच्या वांट्यास गेली. ज्यास कागद मिळाला त्यास नांव मिळालें.

[ ८ ]

अशा रीतीनें नांव अमर होत गेलें, तों आंतील वस्तु बदलत गेली. दोन संस्थानांचे आंकडे पाहिले म्हणजे पुरे. मिसिसिपीनें १९३६ सालीं डेमोक्रॅट फ्रँक्लिन रूझवेल्टला शेंकडा ९७ मतें दिलीं. तेथेंच १९६४ सालीं रिपब्लिकन गोल्डवॉटरला शेंकडा ८७ मिळालीं. त्या वर्षीं नागरी हक्कांचा कायदा डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सननें संमत करून घेतला होता, व गोल्डवॉटरनें सिनेटांत त्याविरुद्ध मत दिलें होतें. या दोन्ही आंकड्यांत मिसिसिपीच्या काळ्या नागरिकांचीं मतें जवळजवळ नाहींत, कारण त्यांस मतदानापासून दूर ठेवलें जाई. ती स्थिति १९६५ च्या मतदानहक्काच्या कायद्यानें पालटली. उलट व्हरमाँट संस्थानानें १८५६ पासून १९६० पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकींत रिपब्लिकनांसच मत दिलें. १९३६ सालीं रूझवेल्टविरुद्ध जीं दोनच संस्थानें राहिलीं त्यांत मेनबरोबर व्हरमाँट होतें. १९९२ पासून तें सतत डेमोक्रॅटांच्या बाजूस आहे. लिंकनचा पक्ष दक्षिणेचा झाला व मळेवाल्यांचा पक्ष न्यू इंग्लंडचा झाला. १८५४ सारखीच ही क्रांति. पण ती चिठ्ठीचा मथळा न बदलतां झाली, व तिला सहा वर्षांऐवजीं अर्धशतक लागलें.

बाहेरून आलेल्या आव्हानांचें काय झालें तेंही पाहावें. १९६८ सालीं वॉलेसला ४६ निर्वाचक मतें मिळालीं, पण त्याचा पक्ष उभा राहिला नाहीं. १९९२ सालीं पेरोला लोकमतांपैकीं शेंकडा जवळजवळ १९ मतें पडलीं, निर्वाचक मत एकही नाहीं. १९६८ नंतर प्राथमिक निवडणुकांचें महत्त्व फार वाढलें, आणि शहाण्या महत्त्वाकांक्षी पुरुषांनीं आंतली वाट धरली. २०१६ सालीं पूर्वी कोणतेंही सार्वजनिक पद न भोगलेल्या ट्रम्प यांनीं अनेक ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध रिपब्लिकन उमेदवारी जिंकली. त्याच वर्षीं सिनेटांत स्वतंत्र म्हणून बसणारे सँडर्स डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतींत दुसरे आले. संघटना अगदींच निष्प्राण झाली आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. प्राथमिक निवडणुका जिंकलेले बायडन यांनीं पक्षाच्या दडपणानंतर २१ जुलै २०२४ रोजीं माघार घेतली, व पक्षानें हॅरिस यांस उमेदवारी दिली. त्या निवडणुकींत ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ मतांनीं विजयी झाले.

[ ९ ]

वरील विवेचनावरून पुढील अनुमानें निघतात.

पहिलें, दोन्ही पक्षांचीं नांवें दीर्घकाळ टिकतील असें मानण्यास सबळ आधार आहे. एका मतदारसंघांतून एकच प्रतिनिधि निवडावा, असा प्रतिनिधिसभेपुरता कायदा काँग्रेसनें १८४२ सालीं केला व १९६७ सालीं पुन्हां केला. अशा पद्धतींत तिसऱ्याचें मत वायां जाण्याची भीति नेहमीं असते. त्यांत सरकारी मतपत्रिकेवरील जागेची भर पडली आहे.

दुसरें, जर बदल आला तर तो नव्या पक्षाच्या द्वारें येण्यापेक्षां मतदानाच्या कागदांतून येण्याचा संभव अधिक. नेब्रास्काचें कायदेमंडळ १९३६ पासून पक्षनामाशिवाय निवडलें जातें. कॅलिफोर्नियांत २०१२ पासून बहुतेक पदांसाठीं सर्व उमेदवार एकाच प्राथमिक निवडणुकींत उभे राहून पहिले दोघे पुढें जातात, व पक्षाचें नांव उमेदवाराची स्वतःची पसंती म्हणून छापलें जातें. मेन संस्थान २०१८ पासून पसंतीक्रमानें मतें घेतें. अलास्कांत २०२२ पासून चार उमेदवार पुढें जाऊन पसंतीक्रमाचें मतदान होतें. २०२४ सालीं ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव अगदीं थोड्या मतांनीं फेटाळला गेला. हे प्रयोग लहान आहेत. परंतु १८८८ सालीं लुईव्हिलचा प्रयोगही एका शहरापुरताच होता.

तिसरें अनुमान सर्वांत महत्त्वाचें. पक्षाचा मृत्यु हें लोकशाहीचें संकट असतें, हें १८५४ ते १८६१ या काळानें दाखविलें. बांध फुटल्यावर सात वर्षांत युद्ध आलें. पण न मरणाऱ्या पक्षाचेंही संकट आहे. मतदार ज्या संस्थेवर रुष्ट आहे तिला तो मोडूं शकत नाहीं. एखादा गट तिचें नांव जिंकतो, तेव्हां त्या नांवावर पिढ्यान्-पिढ्या विश्वास ठेवणारे लाखों लोक त्या नव्या धन्याच्या मागें आपोआप चालूं लागतात. व्हिग पक्षास मरण्याची मुभा होती म्हणून लिंकनला नवें नांव घ्यावें लागलें, आणि नवें नांव घेतांना तें कां घेतों हें लोकांस समजावून सांगावें लागलें. जुन्याच नांवाखालीं वस्तु बदलणारास तसें समजावून सांगण्याची सक्ति नसते. अमेरिकन पक्षांचें भवितव्य ठरविणारा प्रश्न आम्हांस येथें दिसतो: नांव राहील, परंतु त्याखालीं काय आहे याचा जाब मतदार कोणत्या मार्गानें मागतील?

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. १९६० सालच्या कायद्यान्वयें अमेरिकेंतील मध्यवर्ती निवडणुकांचीं कागदपत्रें २२ महिने जपून ठेवावीं लागतात. त्यानंतर भरलेल्या मतपत्रिका सामान्यतः नष्ट केल्या जातात. पुढील संशोधकाच्या हातीं राहतात त्या जुन्या छापील चिठ्ठ्या व नमुन्यादाखल वांटलेल्या कोऱ्या मतपत्रिका. जुन्या पुस्तकांत खूण म्हणून घातलेली अशी एखादी पट्टी कोणास सांपडली, तर तिचें संस्थान, साल, मथळा, कागदाचा रंग व खोडलेलीं नांवें टिपून ठेवावीं, आणि मथळ्यावरून पक्ष ठरविण्यापूर्वी खालचीं नांवें वाचावीं.